पाइप गळतात की पाइपांना माफी? इटालियन क्रियापदांवर आघात बसवायची माझी रीत

इटलीतल्या पोंतेदेरात आम्ही पहिलं घर भाड्यानं घेतलं, त्याच हिवाळ्यात ओट्याखालचे पाइप गळायला लागले. प्लंबरला फोन करायच्या आधी मी वहीत वाक्य लिहून काढलं आणि चार वेळा घोकलं: ‘इ तूबि पेर्दोनो.’ तूबि म्हणजे पाइप. पेर्देरे म्हणजे हरवणे, गमावणे, आणि पाणी गळण्यालाही इथे हेच क्रियापद वापरतात. वचन बरोबर, पुरुष बरोबर, प्रत्यय बरोबर. तरी पलीकडचा माणूस क्षणभर गप्प झाला, मग हसत म्हणाला, ‘बाई, तुम्ही पाइपांना खुशाल माफ करा, पण आधी पत्ता सांगा.’

माझी चूक एवढीच झाली होती की जोर ‘दो’वर पडला. पेर-[दो]-नो म्हणजे ‘मी माफ करते’. [पेर]-दो-नो म्हणजे ‘ते गळतात’. लिहिताना दोन्ही अगदी सारखे.

या लेखात ज्या अक्षरावर आघात आहे ते मी असं चौकटी कंसात टाकणार आहे. माझ्या वहीत ते लाल पेन्सिलीनं अधोरेखित असतं. आणखी एक खुलासा करते. मराठीत शब्दाच्या शेवटची इ आपण दीर्घ लिहितो, पण इथे मी ती मुद्दाम ऱ्हस्व ठेवली आहे, कारण ‘तूबी’ लिहिलं की आपली जीभ शेवटी जोर देते. च आणि ज ‘चिमणी’, ‘जीभ’ यांतले समजा, ‘चमचा’ आणि ‘जाळं’ यांतले नाहीत. अपवाद आला की सांगेन.

मी बारामतीला शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले आणि प्रौढांच्या सरकारी वर्गात पुन्हा बाकावर बसले. तिथल्या बाई चांगल्या होत्या, पण प्रत्ययांचे तक्ते पाठ करून घ्यायच्या आणि आघात ‘कानानं येईल’ म्हणायच्या. तो मला कानानं आला नाही, आणि येणारही नव्हता. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलत नाही. ‘बारामती’ कुठल्याही अक्षरावर जोर देऊन म्हणा, एसटी बारामतीलाच जाते. त्यामुळे आपला कान या गोष्टीकडे लक्षच देत नाही. इथे मात्र [का]-पि-तो म्हणजे ‘मी अवचित येऊन टपकते’, का-[पी]-तो म्हणजे ‘समजलं’ आणि का-पि-[तो] म्हणजे ‘घडलं’. शेवटच्या अक्षरावर आघात असेल तेवढाच लिहिताना तिरप्या रेघेनं दाखवतात. बाकी सगळा न लिहिलेला, ज्याचा त्यानं ओळखायचा.

शेवटी मला मार्ग सापडला तो शाळेत शिकवलेल्याच गोष्टींत: लघु-गुरू, संधी, सामान्यरूप. नव्यानं इकडे येणाऱ्या मराठी बायकांना रविवारी फोनवर मी हेच सांगते. इथे राहायच्या कायमच्या परवान्याला ए-टू पातळीची भाषा-परीक्षा लागते, नागरिकत्वाला २०१८पासून बी-वन, तेव्हा गरज तर सगळ्यांनाच असते.

आधी अक्षरं तोडायला शिका

आघात कुठे बसलाय हे कळायला शब्दात अक्षरं किती हे आधी कळलं पाहिजे. इथे अक्षर म्हणजे वृत्तातलं अक्षर, एक स्वर एक अक्षर. बारामतीकरांना उदाहरण दारात आहे. ‘आपे’ रिक्षा आपण बरोबर म्हणतो. [आ]-पे म्हणजे मधमाशी, आणि ती तीनचाकी १९४८ साली याच पोंतेदेरात जन्मली. पण तिच्या कंपनीचं नाव आपण पि-या-जि-ओ असं चार अक्षरांत म्हणतो. इथे ती अक्षरं दोनच: [प्याज]-जो. हो, कांद्यासारखंच.

दोन अक्षरं गेली कुठे? पहिलं गेलं संधीत. इति + आदि = इत्यादी; इ पुढे विजातीय स्वर आला की य होतो, हा आपला यण् संधी. पि + आ = प्या. दुसरं अक्षर मुळात नव्हतंच. इटालियन लिपीत ‘जी’ या अक्षराचा उच्चार ज असा मऊ व्हावा म्हणून त्याच्यापुढे ‘आय’ नुसता खुणेला ठेवतात. म्हणून जेवणे हे क्रियापद मान-[जा]-रे, मान-जि-आ-रे नव्हे. ‘मी जेवते’ म्हणजे [मान]-जो, दोनच अक्षरं.

या संधीला एक अट आहे, आणि ती मला फार उशिरा उमगली. इ वरच आघात असेल तर तिचा संधी होत नाही. अभ्यास करणे हे क्रियापद घ्या. ‘मी अभ्यास करते’ [स्तू]-द्यो; जोर स्तूवर, म्हणून मागच्या इ चा य झाला. पाठवणे या क्रियापदाचं ‘मी’रूप मात्र इन-[वी]-ओ, जोर वी वर, म्हणून ती इ जागची हलत नाही. आणि ‘तू’च्या रूपात हीच गोष्ट लेखनात उतरते. ‘तू अभ्यास करतोस’ [स्तू]-दि, लिहिताना शेवटी एक आय. ‘तू पाठवतोस’ इन-[वी]-इ, लिहिताना दोन आय. वर्गात सगळे विचारायचे, इथे दोन का? कारण ती आघाताची इ धातूची आहे, आणि प्रत्ययाची इ वेगळी.

व्यंजनांची वाटणी आपल्याला सोपी आहे, फक्त देवनागरी डोळ्यांना फसवते. ‘पार्लारे’ (बोलणे) लिहिताना रफार ला च्या डोक्यावर बसतो, पण तो असतो आधीच्या अक्षराचा: पार-[ला]-रे. मात्रा मोजताना जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू धरतो ते याचसाठी. र, ल, म, न यांच्यापुढे दुसरं व्यंजन आलं की तिथे तोडायचं: कान-[ता]-रे (गाणे). द्वित्त मधोमध तोडायचं: [लेज]-जे-रे (वाचणे). व्यंजनानंतर र किंवा ल आला तर जोडी पुढच्या अक्षरात जाते: आ-[प्री]-रे (उघडणे). आणि स पुढे व्यंजन आलं तर पुस्तकी नियमानं दोन्ही पुढे ढकलायची: बा-[स्ता]-रे (पुरणे). माझा कान विचाराल तर तो बास-ता-रे ऐकतो, आणि मराठी छंदशास्त्र माझ्या बाजूनं आहे. पण ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर पुस्तकाचं ऐका.

द्वित्ताला हलकं घेऊ नका. पार-ले-[रे]-मो म्हणजे ‘आम्ही बोलू’. पार-ले-[रेम]-मो म्हणजे ‘आम्ही बोललो असतो’. सजा आणि सज्जा यांत जेवढा फरक, तेवढाच इथे, आणि तो फरक मराठी जीभ जन्मतः करते. वर्गातल्या इतर देशांच्या बायका इथे अडखळायच्या, मी नाही. कुठेतरी आपलं पारडं जड असावं की.

मूळ रूप एकटं पाठ करू नका

आता खरा मुद्दा. क्रियापद पाठ करताना शब्दकोशातलं मूळ रूप एकटं कधीच पाठ करू नका. त्याच्या जोडीनं ‘मी’चं रूप पाठ करा. कारण मूळ रूप आघात लपवतं. आरे-वाल्या, म्हणजे मूळ रूप ‘आरे’नं संपणाऱ्या, सगळ्या क्रियापदांत मुळात जोर आ वर असतो: आ-बि-[ता]-रे (राहणे), इम-पा-[रा]-रे (शिकणे). दोन्ही ऐकायला जुळी भावंडं. पण ‘मी राहते’ म्हणजे [आ]-बि-तो, आणि ‘मी शिकते’ म्हणजे इम-[पा]-रो. पहिल्यात जोर शेवटून तिसऱ्यावर, दुसऱ्यात शेवटून दुसऱ्यावर. मूळ रूपावरून हे कळायला मार्ग नाही. इटालियन शब्दकोश हे जाणून असतात. क्रियापदापुढे लगेच कंसात ‘मी’चं रूप आघाताच्या खुणेसह दिलेलं असतं. तो कंस वाचल्याशिवाय पान उलटू नका. राई या इथल्या सरकारी नभोवाणीचा उच्चारकोश इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो.

शेवटून दुसऱ्यावर जोर असलेल्या शब्दाला हे लोक ‘प्याना’ म्हणजे सपाट म्हणतात, तिसऱ्यावर असेल तर ‘स्द्रुच्चोला’, म्हणजे घसरडा. नावं अगदी चपखल आहेत. [आ]-बि-तो म्हणताना पहिल्या अक्षरावर पाय पडतो आणि पुढची दोन घसरत जातात. भ गण आठवा, ‘भास्कर’. त्याच ठेक्यात म्हणा.

पण प्रत्येक क्रियापद पाठ करावं लागत नाही, आणि इथे लघु-गुरू कामी येतं. ‘मी’च्या रूपात शेवटून दुसरं अक्षर व्यंजनानं बंद होत असेल, म्हणजे त्याच्यापुढे द्वित्त किंवा फुटणारं जोडाक्षर असेल, तर आघात डोळे मिटून तिथेच. रि-[कोर]-दो (मला आठवतं), आच-[चेत]-तो (मी स्वीकारते). हा लॅटिनचा जुना कायदा आहे: उपान्त्य गुरू असेल तर जोर त्याच्यावर. शहरांच्या नावांत तो मोडलेला दिसतो, [ता]-रान-तो हे दक्षिणेतलं बंदर त्याचं उदाहरण, पण क्रियापदांत मला तरी अजून अपवाद भेटलेला नाही.

उपान्त्य अक्षर मोकळं असेल तेव्हाच शंका. तिथे वहीत दोन रकाने करा. माझ्या घसरड्या रकान्यातली रोजची मंडळी: ते-[ले]-फो-नो (फोन करते), [ओर]-दि-नो (मागवते), दि-[मेन]-ति-को (विसरते), दे-[सी]-दे-रो (इच्छिते), इम-[मा]-जि-नो (कल्पना करते), को-[मू]-नि-को (कळवते). सपाट रकान्यातली: ला-[वो]-रो (काम करते), प्रे-[नो]-तो (जागा किंवा वेळ राखून ठेवते), सा-[लू]-तो (नमस्कार करते), आ-[यू]-तो (मदत करते, संकटात ओरडायचा शब्दही हाच). या मोकळ्या अक्षरावर आघात आला की स्वर जरा लांबवायचा. [पा]-गो (पैसे देते) मधला पा लांब, [पार]-लो मधला आखूड.

काही ठिकाणी खुद्द यांचंच एकमत नाही. वेगळं करणे या क्रियापदाचं से-[पा]-रो आणि [से]-पा-रो दोन्ही ऐकू येतं. अशा वेळी आपण गप्प बसून शेजारीण काय म्हणते ते म्हणावं.

चार वेळा माहेरी, दोन वेळा सासरी

‘मी’चं रूप हातात आलं की वर्तमानकाळाची उरलेली पाच रूपं आपोआप येतात. धातू म्हणजे माहेर, प्रत्यय म्हणजे सासर. आघात मी, तू, तो आणि ते या चार रूपांत माहेरी राहतो. आम्ही आणि तुम्ही या दोन रूपांत सासरी जातो.

[आ]-बि-तो, मी राहते
[आ]-बि-ति, तू राहतोस
[आ]-बि-ता, तो राहतो
आ-बि-[त्या]-मो, आम्ही राहतो
आ-बि-[ता]-ते, तुम्ही राहता
[आ]-बि-ता-नो, ते राहतात

शेवटचं रूप नीट बघा, कारण निम्म्या चुका तिथे होतात. आपण ‘आ-बि-ता-नो’ वाचतो आणि सवयीनं शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन मोकळे होतो. करायचं एवढंच: ‘तो’चं रूप म्हणा आणि मागे ‘नो’ शेपटी लावा. शेपटी लागली म्हणून प्राणी बदलत नाही, जोर जिथे होता तिथेच. ते-[ले]-फो-ना, ते-[ले]-फो-ना-नो. इथे जोर शेवटून चौथ्यावर गेला; याला ‘बिस्द्रुच्चोला’, दुहेरी घसरडा, म्हणतात. एरे आणि ईरे-वाल्यांत शेपटी ‘मी’च्या रूपाला लागते: [प्रेन]-दो (घेते), [प्रेन]-दो-नो. माझे पाइपही याच नियमानं [पेर]-दो, [पेर]-दो-नो होते.

एरे-वाल्यांत मूळ रूपाचीच दोन घराणी आहेत. बहुसंख्य धातूवर जोर देतात: [लेज]-जे-रे, [स्क्री]-वे-रे (लिहिणे), [प्रेन]-दे-रे, [क्यू]-दे-रे (बंद करणे). थोडी एरेवर देतात. रोजच्या बोलण्यातली बारा पाठ करा, काम भागेल: आवेरे, वेदेरे, सापेरे, पोतेरे, दोवेरे, वोलेरे, कादेरे, तेनेरे, रिमानेरे, सेदेरे, प्याचेरे, ताचेरे. घराणं चुकलं की गंमत होते. ‘मला वाचायला आवडतं’ म्हणताना मी एकदा लेज-[जे]-रे म्हणाले. त्याचा अर्थ ‘हलक्या’, बायकांबद्दल किंवा पिशव्यांबद्दल बोलताना. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. ते तिनं अजून जपून ठेवलंय.

ईरे-वाल्यांत एक वेगळीच सोय केलेली आहे. समजणे हे क्रियापद का-[पी]-रे, पण ‘मला समजतं’ होतं का-[पी]-स्को. धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये ‘इस्क’ ही पडवी बांधली आणि चारही वेळा जोर पडवीत बसवला: का-[पी]-स्को, का-[पी]-शि, का-[पी]-शे, का-[पी]-स्को-नो. आम्ही-तुम्ही नेहमीप्रमाणे सासरी: का-[प्या]-मो, का-[पी]-ते. म्हणजे इथे धातूवर जोर कधीच येत नाही. लॅटिनमध्ये हा ‘होऊ लागणे’ अशा अर्थाचा प्रत्यय होता. आता अर्थ गेला, पडवी राहिली.

पडवी कुणाला हे ओळखायची माझी खूण देवनागरीतली आहे. धातू एकेरी व्यंजनावर संपत असेल (काप्, फिन्, पुल्, स्पेद्, प्रेफेर्) तर जवळजवळ नक्की पडवी. जोडाक्षरावर संपत असेल (दोर्म्, पार्त्, सेन्त्, आप्र्, सेर्व्, सेग्व्) तर बहुधा नाही: [दोर]-मो, [पार]-तो. पहिल्या गटाला वेनीरे, मोरीरे, सालीरे, उशीरे असे मनस्वी लोक अपवाद आहेत. दुसऱ्या गटात कोल्पीरे (फटका मारणे), गारान्तीरे (हमी देणे), फोर्नीरे (पुरवणे) ही तीन फसवतात, त्यांना पडवी आहे.

अनियमित म्हणून ज्यांची भीती घालतात, त्यांतलीही बरीच या चार-दोनच्या हिशेबात बसतात. मराठीत फूल, पण फुलाला. वीट, पण विटेला. प्रत्यय लागून शब्द लांबला की आतला स्वर आखडतो. तसंच बसणे: [स्ये]-दो, [स्ये]-दि, [स्ये]-दे, [स्ये]-दो-नो, पण से-[द्या]-मो, से-[दे]-ते. जोर अंगावर असला की स्वर फुलून ‘ये’ होतो, जोर गेला की नुसता ए उरतो. मरणे: [म्वो]-रे, पण मो-[र्या]-मो. आणि बाहेर पडणे बघा: [ए]-स्को, [ए]-शि, [ए]-शे, [ए]-स्को-नो, उ-[शा]-मो, उ-[शी]-ते. आधी मला वाटलं दोन निराळी क्रियापदं एकत्र शिवली आहेत. तसं नाही, माहेरचा स्वर ए आणि सासरचा उ, एवढंच.

इतर काळांत आघात बहुतेक कायमचा सासरी असतो, त्यामुळे डोकेदुखी कमी. पार-[ला]-वो (मी बोलायचे), पार-[ला]-वा-नो (ते बोलायचे, पुन्हा शेपटी), पार-ले-[रो] (मी बोलेन). साध्या भूतकाळाचं पार-[लो] म्हणजे ‘तो बोलला’, आणि [पार]-लो ‘मी बोलते’. उत्तरेकडे हा भूतकाळ बोलण्यातून जवळपास गेलाय. आमच्या तोस्काना प्रांतात म्हातारी माणसं तो अजून वापरतात, त्यामुळे फरक करावाच लागतो. उलट एक सवलतही आहे. इथले लोक ‘आम्ही जातो’ला आन-[द्या]-मो म्हणायच्या ऐवजी ‘नोइ सि वा’ म्हणतात, म्हणजे क्रियापद ‘तो’च्या रूपात. सासरची एक खेप वाचली.

शब्द कसा घडला ते बघा, जोर फुकट मिळतो

नामावरून किंवा विशेषणावरून बनलेलं क्रियापद बहुतेक वेळा मूळ शब्दाचाच जोर पुढे चालवतं. [ओर]-दि-ने म्हणजे क्रम, हुकूम, म्हणून [ओर]-दि-नो. ला-[वो]-रो म्हणजे काम, आणि ‘मी काम करते’ही ला-[वो]-रो. वि-[ची]-नो म्हणजे जवळ. त्यावरून आव-वि-चि-[ना]-रे (जवळ आणणे), म्हणून ‘मी’चं रूप आव-वि-[ची]-नो. हा व दुप्पट का झाला हे सत् + जन = सज्जन शिकलेल्याला सांगायला नको. लॅटिनचा ‘आद्’ हा उपसर्ग पुढच्या व्यंजनात विरघळतो. लोन्तानो (दूर) वरून आल-लोन-ता-[ना]-रे, रोस्सो (लाल) वरून आर-रोस-[सी]-रे, म्हणजे लाजेनं लालावणे.

विशेषणांवरून झालेल्या अशा ईरे-क्रियापदांना जोडाक्षर असलं तरी पडवी मिळतेच: आर-रोस-[सी]-स्को, इन-जाल-[ली]-शे (पिवळं पडतं). मघाचा नियम इथे बाजूला ठेवायचा.

मागचे प्रत्यय आणखी उदार आहेत. -एज्जारे असेल तर जोर ‘एज’वर: पास-[सेज]-जो (फेरफटका मारते), पार-[केज]-जो (गाडी लावते). -इज्जारे असेल तर ‘इज’वर, ओर-गा-[निज]-जो, हा ज मात्र ‘जाळं’मधला. दोन्हीकडे उपान्त्य गुरू आहे, म्हणजे जुनाच कायदा. -इफिकारे असेल तर घसरडं: मो-[दी]-फि-को, आणि रोज लागणारं ‘के कोसा सि-[ञी]-फि-का?’, म्हणजे काय?

माझा सगळ्यात लाडका प्रत्यय -इक्क्यारे, कधी -उक्क्यारे. काम अर्धवट, लाडिक, येता-जाता केलं की तो लागतो. कान-तिक-[क्या]-रे गुणगुणणे, दोर-मिक-[क्या]-रे डुलक्या काढणे, मान-जुक-[क्या]-रे डब्यातलं सारखं तोंडात टाकत राहणे. आणि ला-वो-रिक-[क्या]-रे म्हणजे काम केल्यासारखं करणे. याला मराठीत एक शब्द नाही, गरज मात्र आहे.

पुढचे उपसर्ग आघाताला हात लावत नाहीत. री- म्हणजे पुन्हा: री-[लेज]-जे-रे. स्- म्हणजे उलट: [का]-रि-को (भरते, फोन चार्जिंगला लावते), [स्का]-रि-को (रिकामं करते, मोबाइलवर उतरवून घेते). या स्- नं अक्षरही वाढत नाही, फक्त पहिलं अक्षर जड होतं.

स्वयंपाकघरात मात्र क्रियापदाला आपला आघात सोडावा लागतो. आपण खिसेकापू, घरबुडव्या असे समास करतो, नाम आधी आणि क्रिया मागून. इथे उलट. स्कोलापास्ता, ‘निथळ-पास्ता’, म्हणजे पास्त्याची चाळण. आप्रिस्कातोले, ‘उघड-डबे’. आ-शु-गा-[मा]-नो, ‘पूस-हात’, म्हणजे टॉवेल. मुख्य जोर नामावर जातो. रोम-पि-[स्का]-तो-ले, ‘फोड-डबे’, म्हणजे डोकं खाणारा माणूस. आपली उंच इमारत गगनचुंबी, यांची ग्रात्-ता-[चे]-लो, आकाश खाजवणारी.

सराव कसा करायचा? मी भाजी चिरताना करते. ओट्यावर बोटानं अक्षरं वाजवायची, आघाताचं अक्षर आलं की मुठीनं. एका वेळी एकच क्रियापद, सहा रूपं, आणि शेवटी ‘मि’ (मला) किंवा ‘लो’ (ते) असं शेपूट लावून. ही शेपटंही ‘नो’सारखीच, जोर हलवत नाहीत: ते-[ले]-फो-ना-मि (मला फोन कर), [पोर]-ता-मे-लो (ते मला आणून दे). एकाक्षरी आज्ञार्थ असेल तर म दुप्पट होतो: [दिम]-मि, सांग मला. नवरा पहिल्या आठवड्यात म्हणाला, शेजारी वर येतील. आले नाहीत.

प्लंबर त्या दिवशी संध्याकाळी आला, वॉशर बदलला, पैसे घेतले आणि दारात म्हणाला: ‘से पेर्दोनो आंकोरा, मि तेलेफोनि.’ पुन्हा गळले तर मला फोन करा. आन-[को]-रा म्हणजे पुन्हा, [आन]-को-रा म्हणजे जहाजाचा नांगर. त्याचं वाक्य वहीत उतरवा आणि तीन कंस तुम्हीच टाका.